समोर बसून पाठवलेला मेसेज

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"ताई, आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मधली तीन वर्षं नवरा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होता. तेव्हा आमचं दिवसभर मेसेजवर बोलणं चालायचं. उठलो, निघालो, पोचलो, जेवलो, सगळं एकमेकांना कळवायचो. रात्री व्हिडिओ कॉल चालू ठेवूनच झोपायचो. लोकांना आमचं कौतुक वाटायचं. गेल्या वर्षी तो कायमचा परत आला आणि मला वाटलं, सुटलो. पण आता तो घरात असतो आणि नसतोही. मी बोलत असते, तो 'हं, हं' करतो, आणि दोन तासांनी मी सांगितलेलीच गोष्ट मला विचारतो. परवा समोरच्या खुर्चीत बसून मी त्याला तीन हाका मारल्या. ओ नाही. चिडून तिथूनच मेसेज टाकला, तर चार सेकंदांत उत्तर, वर हसरा चेहरा! मी आत जाऊन रडले. दुसरीकडे माझी गत अशी, की तो ऑफिसात असताना निळ्या खुणा दिसल्या आणि दहा मिनिटांत उत्तर आलं नाही, तर माझं कशात मन लागत नाही. लास्ट सीन बघत बसते. घरात फोनबंदीचा नियम करू का? त्याची लक्ष द्यायची क्षमताच कायमची गेली असेल का? आणि त्याच्याकडे फोनचा पासवर्ड मागितला तर चुकेल का?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातला तो मेसेजचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. तुम्हाला त्यात अपमान दिसला, आणि त्या क्षणी तो दिसणारच. तीन हाका वाया आणि मेसेजला मात्र तत्काळ उत्तर, हे पाहून कोणाचंही डोकं फिरेल. पण आता राग थोडा ओसरला असेल तर तोच प्रसंग समोरच्या खुर्चीतून बघा. त्यांच्या डोळ्यांपुढे अचानक तुमचं नाव उमटलं, आणि जे काही बघत होते ते बाजूला सारून त्यांनी आधी तुम्हाला उत्तर दिलं. बायकोतला रस संपलेला माणूस तिचा मेसेजही 'बघू नंतर' म्हणून तसाच ठेवतो. तुमची दखल घ्यायची त्यांची सवय शाबूत आहे. ती तुमच्या आवाजाला जोडलेली नाही, पडद्यावरच्या तुमच्या नावाला जोडली गेली आहे, एवढंच. ती तशी जोडली जायला तीन वर्षं लागली आणि त्यात तुम्हा दोघांचाही हात होता.

हे टोमण्यासारखं वाचू नका. दूर असताना तुम्ही जे केलंत त्याने तुमचं नातं टिकलं. क्रिस्टल जियांग आणि जेफ्री हॅनकॉक या संशोधकांनी २०१३ मध्ये दूर राहणाऱ्या आणि जवळ राहणाऱ्या जोडप्यांची तुलना प्रसिद्ध केली होती. दूरची जोडपी एकमेकांपाशी मन जास्त मोकळं करतात, आणि जोडीदाराला थोडं जास्तच आदर्श समजतात, असं त्यांना दिसलं. हे समजण्यासारखं आहे. मेसेजमधला माणूस घोरत नाही. वैतागलेला असेल तर तो दहा मिनिटं थांबून, नीट शब्द निवडून लिहितो. तुम्ही तीन वर्षं एकमेकांच्या निवडून पाठवलेल्या आवृत्तीशी बोलत होतात. आता घरात पूर्ण माणूस आला आहे.

परत एकत्र येणं ही सोपी गोष्ट नाही आणि याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. लॉरा स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये, दूर राहून पुन्हा एका गावात आलेल्या प्रेमी जोडप्यांचा अभ्यास केला. त्यातल्या अनेकांना चक्क तो दुरावाच आठवत होता. स्वतःचा मोकळा वेळ, भेटीची ओढ, भेटल्यावर सांगायला साठवलेलं काहीतरी, असं बरंच त्यांच्या हातून निसटलं होतं. ही जोडपी तरुण होती आणि त्यांची लग्नं झालेली नव्हती, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष तुमच्यावर जसेच्या तसे लागू करणार नाही. पण तुमच्या नवऱ्याचंही मागे काही राहिलं असेल, हा विचार तुम्ही केला आहे का? तीन वर्षांत त्यांचे तिथे मित्र झाले असतील, सहकाऱ्यांचा एखादा गट असेल, संध्याकाळची काही घडी बसली असेल. ते सगळं आता त्यांच्या फोनमध्येच आहे. मला खात्रीने सांगता येणार नाही, पण ते फोनमध्ये डोकं खुपसून बसतात तेव्हा त्यांच्या आयुष्याचा एक तुकडा तिथे चालू असण्याची शक्यता आहे. तुमच्या अख्ख्या पत्रात ते फोनवर नेमकं काय करतात याबद्दल एक ओळही नाही. म्हणजे तुम्हाला ते माहीत नाही.

माझ्या मते बहुतेक घरांतल्या भांडणाचं मूळ इथे आहे. कोणी वर्तमानपत्र वाचत बसलं असेल तर समोरच्याला दिसतं की तो वर्तमानपत्र वाचतोय. शिवणकाम, हिशेब, पत्त्यांचा डाव, सगळं बाहेरून ओळखता येतं, आणि त्यावरून आता बोलावं की थांबावं हेही कळतं. फोन मात्र बाहेरून नेहमी सारखाच दिसतो. वीजबिल भरणारा, साहेबाच्या मेसेजला घाबरून उत्तर देणारा, चुटका वाचणारा आणि दुसऱ्याच कोणाशी गोड बोलणारा, चौघांचीही मान तितकीच खाली असते आणि चेहरा तितकाच कोरा. पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, म्हणून तो मनानेच काहीतरी लिहून घेतो, आणि मन कधी चांगलं लिहीत नाही. अमेरिकेतल्या साडेचारशेच्या आसपास प्रौढांच्या पाहणीत (जेम्स रॉबर्ट्स आणि मेरेडिथ डेव्हिड, २०१६) सुमारे ४६ टक्के लोकांनी सांगितलं, की जोडीदार फोनपायी आपल्याकडे दुर्लक्ष करतो. साधारण २३ टक्क्यांनी त्यावरून खटके उडतात असं म्हटलं. तेव्हा तुम्ही एकट्या नाही. हे ऐकून दुःख कमी होत नाही, हे मला मान्य आहे.

हाक आणि मेसेज यांची लढाई मुळातच विषम आहे, हेही लक्षात घ्या. हाक हवेत विरते. मेसेज तिथेच थांबतो, वाजतो, लाल ठिपका होऊन टोचत राहतो, आणि त्याला उत्तर देऊन हातावेगळं करता येतं. शिवाय पुढच्या क्षणी काय येईल हे माहीत नसतं. कधी काहीच नसतं, कधी अगदी हवं ते असतं. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की दाणा दर वेळी न मिळता अधूनमधून, अनपेक्षितपणे मिळाला तर कबूतर जास्त चिकाटीने टोचत राहतं. पडद्यावर खाली खाली जात राहिलं तरी मजकूर संपत नाही, ही सोयही कोणीतरी मुद्दाम बनवलेली आहे. अॅझा रास्किन यांनी ती २००६ मध्ये तयार केली आणि पुढे त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. एवढ्या तयारीनिशी उभ्या असलेल्या वस्तूपुढे तुमची बिचारी एक हाक!

आता तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो भीतीतून आला आहे. नाही, त्यांची लक्ष देण्याची क्षमता कायमची गेलेली नाही. ग्लोरिया मार्क या कॅलिफोर्नियातल्या संशोधिका गेली वीसेक वर्षं काम करणाऱ्या माणसांचं निरीक्षण करत आहेत. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. अलीकडच्या मोजणीत ते ४७ सेकंदांवर आलं आहे. आकडा धडकी भरवणारा आहे खरा. पण तो सवय मोजतो, मेंदूची कुवत मोजत नाही. तोच माणूस आवडीचा सामना दोन तास डोळे न हलवता बघतो. मार्कबाईंच्या निरीक्षणातला मला जास्त महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळा आहे: कामात येणाऱ्या व्यत्ययांपैकी जवळजवळ निम्मे माणूस स्वतःहून ओढवून घेतो. फोन वाजलेला नसतो, तरी हात जातो. म्हणून फक्त आवाज बंद करून भागत नाही.

तुम्ही सांगितलेलं दोन तासांनी विचारतात, त्यामागचं कारणही बहुधा बेफिकिरी नसावं. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तर मनाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो. तुमचे यजमान 'हं' म्हणतात तेव्हा शब्द कानावर पडलेले असतात, पण ठेवून घ्यायला आत कोणी नसतं. त्यांना ती गोष्ट खरोखरच आठवत नाही. चालू वाक्यात मान वर न करणाऱ्याला पुढचं वाक्य सांगू नका, हा यावरचा सर्वात साधा इलाज आहे. रागाने नाही, नुसतं थांबा. शांतता झाली की माणूस वर बघतो.

आता थोडं तुमच्याबद्दल. ते घरी तुमच्या हाकेला ओ देत नाहीत याचं तुम्हाला दुःख आहे. आणि दिवसा ते कामात असताना दहा मिनिटांत उत्तर आलं नाही तर तुमचा जीव थाऱ्यावर राहत नाही. या दोन तक्रारी तुम्ही एकाच पत्रात लिहिल्या आहेत, पण त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात. ऑफिसात त्यांनी सतत फोनकडे बघत राहावं आणि घरी अजिबात बघू नये, असं तुम्ही मागता आहात. माणसाला असं कळ दाबून बदलता येत नाही. ज्या तत्परतेने ते तुम्हाला चार सेकंदांत उत्तर देतात, तीच तत्परता घरी आल्यावर इतर सगळ्यांच्या मेसेजना मिळते. तीन वर्षं उत्तराचा वेग हेच तुमच्यासाठी प्रेमाचं माप होतं, कारण मोजायला दुसरं काही हाताशी नव्हतं. आता बाकीचं सगळं हाताशी आहे, तरी माप तेच राहिलं आहे. माझ्या मते तुमच्या घरात बदलायला हवं ते हे.

त्या निळ्या खुणा व्हॉट्सअॅपवर २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आल्या. त्याआधीही लोकांची लग्नं टिकत होती आणि मोडतही होती. पत्र पोचलं का, वाचलं का, वाचून किती वेळ झाला, यातलं काहीही कळत नसताना माणसं एकमेकांची वाट बघत होती. मेसेज वाचून उत्तर न देण्याची शंभर कारणं असतात: बैठक चालू आहे, सविस्तर लिहायचं आहे, वाचताक्षणी कोणी हाक मारली. खूण यातलं काही सांगत नाही, फक्त वाचल्याचं सांगते आणि उरलेली जागा तुमच्या काळजीला मोकळी सोडते. तेव्हा आजच सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या फोनवरच्या निळ्या खुणा आणि लास्ट सीन बंद करा. यासाठी त्यांची परवानगी लागत नाही. व्हॉट्सअॅपची रचनाच अशी आहे, की तुम्ही स्वतःचं बंद केलंत की तुम्हाला दुसऱ्याचंही दिसत नाही. पहिले काही दिवस वाईट जातील. हात सारखा तिकडे जाईल आणि बघायला काही नसेल. मग हळूहळू जाणं कमी होईल.

दुसरं, दिवसभरातले मेसेज कमी करा. कामाचं असेल ते पाठवा. बाकीचं ठेवून द्या. ऑफिसातली गंमत, बहिणीचा फोन, रस्त्यात भेटलेली जुनी मैत्रीण, कोणावर तरी आलेला राग, हे सगळं तुम्ही दिवसभर सुट्ट्या पैशांसारखं खर्च करून टाकता, आणि संध्याकाळी दोघंही रिकाम्या खिशाने समोरासमोर बसता. काय बोलणार? 'कसा गेला दिवस' या प्रश्नाला अर्थच उरत नाही, कारण दिवस कसा गेला हे तासातासाला कळलेलं असतं. एखादी मजेदार गोष्ट घडली आणि बोटं शिवशिवली तर एकच करा: ती सांगताना त्यांचा चेहरा कसा होईल ते मनात आणा आणि संध्याकाळपर्यंत दम धरा. हसरा चेहरा छापलेला बघण्यापेक्षा खरा बघायला मिळेल.

फोनबंदीबद्दल. करू नका. एकाने नियम करायचा आणि दुसऱ्याने पाळायचा, असं झालं की घरात एक पोलीस आणि एक आरोपी तयार होतो, आणि आरोपी न्हाणीघरात जाऊन फोन बघतो. शिवाय फोन दिसेनासा केला की सगळं सुरळीत होतं, हेही पूर्ण खरं नाही. कोस्टादिन कुश्लेव, एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मित्रांसोबत जेवताना ज्यांचे फोन टेबलावर होते त्यांना जेवणाची मजा थोडी कमी आली, लक्ष विचलित झालं. पण फरक थोडाच होता. नुसता फोन बाजूला ठेवून रंगत येत नाही; बोलायला काही असावं लागतं, आणि ऐकावंसं वाटावं लागतं. आणखी एका प्रयोगात (२०१९) काही लोकांच्या फोनवरच्या सूचना (नोटिफिकेशन) दिवसातून तीनदा एकगठ्ठा येतील अशी सोय केली, तर त्यांना जास्त बरं वाटलं. ज्यांच्या सूचना पूर्णच बंद केल्या त्यांची मात्र घालमेल वाढली. म्हणजे एकदम तोडण्यापेक्षा वेळ ठरवून देणं बरं. दोघांनी मिळून व्हॉट्सअॅपच्या गटांचे आवाज बंद करणं आणि ते कधी बघायचे हे ठरवणं, एवढं पुरे. रात्री ऑफिसचे मेसेज येत असतील तर मात्र ते भांडण तुमच्याशी नाही, त्यांच्या कार्यालयाशी आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर उत्तर न देण्याच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली, ती याच कारणाने. तुमच्याकडे कायदा असो नसो, त्यांनी साहेबांशी एकदा बोलायला हरकत नाही.

माझ्याकडे नियमाऐवजी एक छोटी विनंती आहे, आणि ती दोघांसाठी आहे. समोर माणूस असताना फोन उचलला तर का उचलला ते मोठ्याने सांगायचं. "बिल भरतोय, दोन मिनिटं." "दादाचा मेसेज आहे, वाचते." "काही नाही, उगाच बघतोय." हे तिसरं वाक्य सर्वात उपयोगी, कारण ते तोंडाने म्हणताना माणसाला स्वतःलाच ओशाळल्यासारखं होतं. फोन बाहेरून कोरा दिसतो ही जी अडचण मी वर सांगितली, ती याने बरीचशी सुटते. आणि एका घरात असताना मेसेज पाठवायचा नाही, हे मात्र पक्कं. हाक ऐकू येत नसेल तर उठून जवळ जा, खांद्यावर हात ठेवा. परवाच्या त्या मेसेजने तुम्ही नकळत त्यांना पुन्हा शिकवलंत, की तुम्ही तिथे भेटता.

जॉन गॉटमन यांचं नाव कदाचित ऐकलं असेल. त्यांनी अनेक दशकं जोडप्यांचं बारकाईने निरीक्षण केलं. दिवसभरात आपण एकमेकांकडे लहानसहान गोष्टींनी लक्ष मागत असतो, "हे बघ ना", "केवढा पाऊस", एखादा सुस्कारा. नवविवाहितांच्या सहा वर्षांनंतरच्या पाहणीत, एकत्र राहिलेल्या जोडप्यांनी अशा मागण्यांना ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिलेला होता, आणि विभक्त झालेल्यांनी ३३ टक्के वेळा. शंभर टक्के कोणीच देत नव्हतं, हे मला यात आवडतं. तुमच्या तीन हाकांपैकी एखादी हुकली तर चालेल. आणि हिशेब करायचाच असेल तर एक दिवस स्वतःचाही करा: त्यांनी काही म्हटलं आणि तुम्ही फोनमधून मान वर केली नाही, असं किती वेळा होतं? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. कोणीच लिहीत नाही.

हा विषय काढताना वेळ जपा. त्यांच्या हातात फोन असताना काढलात तर ते आधी फोनचा बचाव करतील. चालायला जाताना काढा, समोरासमोर बसून नको. "तू सारखा फोनमध्ये असतोस" ही सुरुवात टाळा. त्यावर "तूही असतेस" हे उत्तर तयारच असतं. परवा काय झालं ते सांगा: "मी तीन हाका मारल्या, तुला ऐकू आल्या नाहीत. मग मेसेज केला तर लगेच उत्तर आलं. मला फार एकटं वाटलं." तुम्ही आत जाऊन रडलात हे त्यांना अजून माहीतच नसेल. आणि मग विचारा, तिथल्या कोणाची आठवण येते, इथे परत येऊन कसं वाटतंय. वर्ष झालं तरी हे विचारायचं राहून गेलं असावं, असं पत्रावरून वाटतं.

पासवर्ड मागू नका. तुमच्या पत्रात दुसऱ्या कोणाचा संशय नाही, दुर्लक्षाचं दुःख आहे, आणि त्याचं कारण फोन उघडून सापडत नाही. शेकडो मेसेज दिसतील, त्यातली चार वाक्यं तुमच्या काळजाला लागतील आणि त्यांचा संदर्भ विचारायची सोय राहणार नाही. निळ्या खुणांनी जे दिवसा होतं तेच मग रात्रीही होईल. आणि खरोखरच काही संशय असेल, पत्रात लिहायचं टाळला असेल, तर तो तोंडावर विचारा आणि उत्तर देताना त्यांच्याकडे बघा. महिना-दोन महिने हे सगळं करूनही ते वर बघत नसतील, तर दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जा. तुम्ही एकट्या जाऊ नका. तिथे त्यांची बाजू सांगायलाही कोणी हवं.